भरलेली ओटी परत करत नाहीत

परत आलेलं पाकीट हातात आलं की मी आधी त्याचा वास घेते. ही सवय मला बऱ्हाणपुरात लागली. नवं पातळ आमच्या ऑनलाइन दुकानातून निघतं तेव्हा त्याला नुसता खळीचा वास असतो. परत येतं ते कुणाच्या तरी घराचा वास घेऊन. कुणाकडची उदबत्ती, कुणाकडच्या डांबरगोळ्या, कुणाच्या फोडणीतलं मोहरीचं तेल. कधी अत्तराचा वास यायचा. तो आला की घरमालकिणीचा मुलगा, दादा, म्हणायचा, "लो वहिनी, आली नाचून." म्हणजे गिऱ्हाइकानं पातळ एखाद्या लग्नात नेसून, मिरवून, पुन्हा घडी घालून परत पाठवलेलं. कारण मात्र लिहिलेलं असायचं, 'रंग फोटोसारखा नाही.'

मग माझं काम सुरू व्हायचं. खांद्यापाशी पिन टोचल्याची भोकं शोधायची, काखेतला घामाचा डाग उजेडाला धरायचा, फोटो काढायचे आणि चौकटीत विक्रेत्याचं म्हणणं लिहायचं. पलीकडं कोण वाचतं ते कधी कळायचं नाही. निकाल यायचा. कधी आपल्या बाजूनं, बहुतेक वेळा गिऱ्हाइकाच्या.

मी नववीत शाळा सोडलेली. माझं म्हणणं कुणी तरी लिहून मागतंय आणि त्यावर निकाल देतंय, याचीच मला पहिले काही महिने धास्ती वाटायची. पण त्या कामानंच मला या गावात उभं केलं, आणि ते काम मला मावशीनं दिलं. म्हणून हे लिहिताना आधी तिचं सांगते.

आमचे हे मागावरचे जॉबर. यंत्रमाग बिघडला की दुरुस्त करायचा, धागा तुटत असला तर कुठं चुकतंय ते शोधायचं. इचलकरंजीत माग बंद पडायला लागले तेव्हा कुणी तरी यांना मध्य प्रदेशात, बऱ्हाणपुरात बोलावलं. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. दोन पेट्या आणि एक स्टोव्ह घेऊन आम्ही सिंधीपुऱ्यात एका घराच्या मागच्या खोलीत उतरलो. दाराशी घरमालकीण उभी होती. उंच, सावळी, अंगावर फिक्या काठाचं सुती पातळ. मी उंबऱ्यापाशी घुटमळले तशी म्हणाली, "थांब पोरी. पदर कर पुढी."

मी पदर पसरला. तिनं ओंजळभर गहू त्यात टाकले. आमच्याकडं ओटी तांदळानं भरतात, मी तेवढंच बघितलं. तिचं कपाळ मोकळं होतं हे माझ्या लक्षातच आलं नाही. दिवसभराच्या प्रवासानं डोळे जड झाले होते, आणि अनोळखी गावात कुणी तरी 'पोरी' म्हणालं होतं, एवढंच मनात राहिलं.

तिला सगळे काकू म्हणायचे. मी मावशी म्हणायला लागले. तिच्या मुलाला मी दादा म्हणायची, तो मला वहिनी. त्याची बायको नोकरीसाठी इंदूरला असायची, सुटीला हा तिकडं जायचा. घरात बाई म्हणून मावशी एकटीच.

पहिल्या वर्षात मला भाषा कळत नव्हती असं नाही, पण ती कानाला लागायची. मराठी बोलता बोलता माणसं हिंदीत शिरायची आणि परत मराठीत यायची, एकाच वाक्यात. मी भाजीवालीला "कितीला दिली" म्हटलं की ती "बाहर गाव की है क्या" विचारायची आणि मला रडू यायचं. त्यातच मला दिवस गेले आणि तिसऱ्या महिन्यात ते गेलं. हे कामावर होते. मावशीनंच मला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं, तिनंच परत आणलं. नंतर कित्येक दिवस ती माझ्या खोलीत येऊन बसायची. पातळांचा गठ्ठा घेऊन यायची आणि घड्या घालत राहायची. एक दिवस गठ्ठा माझ्यापुढं सरकवून म्हणाली, "हाताले काम पाहिजे. डोकं आपोआप थकते."

तसं माझं काम सुरू झालं.

त्यांचं पूर्वी कापडाचं दुकान होतं. लग्नाच्या कपड्यांची खरेदी, म्हणजे बस्ता, करायला आसपासच्या दापोऱ्या-जसोंडीकडची माणसं गाडी भरून यायची. मावशीचे मालक गेल्यावर दुकान बंद झालं. मग दादानं तोच माल ऑनलाइन विकायला काढला. पुढच्या खोलीत टेबल टाकलं. तो माल आणायचा, फोटो काढायचा. मी ऑर्डरी बघायची, पत्त्याच्या पट्ट्या छापायची आणि परताव्याची भांडणं भांडायची. मावशी घड्या घालून पाकिटं भरायची. तिची घडी अशी बसायची की पाकिटात पातळ घालताना कुठं ओढावं लागायचं नाही. मी घातली की फुगायची. "अय, पुरी झाली ही तं," ती म्हणायची. "तळून काढू का?"

तिला परताव्याची भांडणं ऐकायला फार आवडायची. "आज कोण परत करून राहिली?" सकाळी हेच पहिलं. मी कारणं वाचून दाखवायची. काठ छोटा. कापड पातळ. सासूला आवडलं नाही. या शेवटच्या कारणावर ती पोट धरून हसली होती. "सासू आवडली नाही म्हणून सासू परत करता येते का, पाह्य बरं त्यात."

एकदा असाच एक परतावा आला. कारण, काठ छोटा. मी मान्य करून टाकला, कारण काठ खरंच छोटा होता. पण दुसऱ्या दिवशी त्या बाईनं स्वतःच तो मागे घेतला आणि खाली निरोप लिहिला. मराठीत, पण इंग्रजी अक्षरांत, म्हणून मला जुळवत जुळवत वाचावा लागला. तिनं लिहिलं होतं की पातळ परत पाठवायला घडी मोडली तर आतून गहू पडले. भरलेली ओटी परत करत नाहीत असं माझी आई सांगायची. आई आता नाही. पातळ ठेवून घेते. ज्यांनी भरली त्यांना नमस्कार सांगा.

मी मावशीला बोलावून वाचून दाखवलं. मला वाटलं ती हसेल. तिनं आधी दाराकडं पाहिलं.

"दादाले सांगितलं का?"

"नाही."

"नको सांगू." मग टेबलाशी बसली. "पुन्हा वाच."

मी पुन्हा वाचलं. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. तिसऱ्यांदा वाचायला लावलं आणि नमस्काराचं वाक्य आलं तेव्हा तिनंही हात जोडले, फोनकडं बघून.

त्या दिवशी तिनं सांगितलं. दुकान होतं तेव्हा बस्ता पुरा झाला की नवरीचं पातळ तिच्या हातात यायचं. ती आतून गव्हाची वाटी आणायची. गहू तिच्या माहेरचे, दापोऱ्याचे. तिचा भाऊ केळीच्या शेताच्या कडेला घरापुरते पेरायचा. ते मूठभर नवरीच्या पदरात गाठ मारून द्यायची. नवरीकडची माणसं त्यासाठी थांबायची. "आमच्या दुकानातून कोणी बाई रिकाम्या पदरानं नाई गेली," ती म्हणाली. "मालक मेले. मग एक बस्ता आला. मी सवयीनं वाटी घेऊन बाहेर आली. नवरीची आजी म्हणे, राहू द्या बाई, आम्ही घरी भरू. चांगल्या तोंडानं म्हणे हो, भांडून नाई. मी वाटी घेऊन आत गेली."

"मग?"

"मग काय. दुकान बंद झालं. लोकायले वाटते मालक गेल्यामुळं."

विधवेनं ओटी भरू नये, हे आमच्याकडंही आहेच. मला तेव्हा कुठं माझ्या पदरातले पहिल्या दिवशीचे गहू आठवले. पण ते आठवून मला वाईट काही वाटलं नाही. बरंच वाटलं.

"आणि आता पाकिटात?" मी विचारलं.

"पाकिटात हात कुठी दिसते व पोरी?" तिचा चेहरा एकदम लहान मुलीसारखा झाला. "पातळ दिसते. पट्टी दिसते. ओटी सवाशिणीनं भरली का माझ्यासारखीनं, त्याची पट्टी थोडीच लागते."

मी दादाला सांगितलं नाही. गहू चारसहाच असायचे, कोरडे, अगदी आतल्या घडीत. कुणाचं काय बिघडणार होतं? पण त्या निरोपानंतर मावशीचा हात मोकळा झाला. नुसते गहू टाकायची ती आता त्यांना हळद चोळायला लागली, शास्त्राप्रमाणे. हळद चिकटायला पाण्याचं बोट लावावं लागतं. सकाळी आंघोळ झाली की वाटीत गहू घेऊन बसायची. पाकीट भरताना ओठ हलायचे. काय म्हणायची कुणास ठाऊक. त्या दिवसांत ती मला इतकी नीट, इतकी ताठ दिसायची, की परताव्याच्या रोजच्या कटकटीतही मला टेबलाशी येऊन बसावंसं वाटायचं.

पावसाळ्यात परतावे वाढतात. पाकिटं भिजतात, उशिरा पोचतात. अशातच एक तक्रार आली, लांब पूर्वेकडच्या कुठल्या तरी गावाहून. फोटो उघडला तर मला आधी कळेना काय आहे. लाल पातळावर पिवळे डाग पसरलेले, आणि घडीतून पांढरी, बारीक, वाकडी अशी काही तरी वर आलेली. बोटांनी फोटो मोठा केला. गव्हाला कोंब फुटले होते.

खाली हिंदीत लिहिलं होतं. साडीच्या आत हळद लावलेले दाणे आहेत आणि त्यातून काही तरी उगवतंय. घरात सून पोटुशी आहे. हा टोटका, ही करणी कुणी केली? पैसे तर परत हवेतच, जवाबही हवा.

दादा शेजारी येऊन उभा राहिला. फोटो बघून आधी हसला. "अरे वा, साडीत शेती!" मग खालचं वाचलं आणि खुर्ची ओढून बसला.

"वहिनी, लिहा. गोदामात धान्याची पोती होती, तिथं दाणे शिरले. चल जाएगा ना?"

"पाकीट फाटलेलं नाही दादा. दाणे आतल्या घडीत आहेत."

"मग घडीत गेले कसे?"

मी छापलेल्या पट्ट्या सरळ करत राहिले. मावशी टेबलाच्या पलीकडं एका पातळाची घडी घालत होती. तिनं ती घडी पुरी केली, वरून हात फिरवला, पातळ बाजूला ठेवलं.

"मी टाकले," ती म्हणाली.

"काय?"

"गहू. ओटी म्हणून."

"आई, तू?"

एवढंच तो म्हणाला. पण त्या दोन शब्दांत काय होतं ते खोलीत तिघांनाही कळलं, त्यालाही, कारण तो लगेच घाईनं म्हणाला, "म्हणजे, कोणी पण टाकले असते तरी प्रॉब्लेमच होता. तुझं नाही म्हणत मी."

मावशी माझ्याकडं वळली. "काय लिहिलं त्या बाईनं, पुरं वाच."

"जाऊ दे ना आई."

"तू चूप राह्य. वाच पोरी."

मी वाचलं. टोटका हा शब्द मी हळू वाचला, पण शब्द हळू वाचल्यानं लहान होत नाही. मावशी ऐकत होती. शेवटी विचारलं, "सून पोटुशी आहे त्यायची?"

"हो."

"बरी आहे का ती? विचार बरं."

"मावशी, तसं विचारता येत नाही. इथं फक्त आपलं म्हणणं लिहायचं असतं."

"मग म्हणणंच लिही. लिही का म्हातारीनं आशीर्वाद म्हणून टाकले, भिऊ नका. आणि सून कशी आहे ते कळवा."

ठरावीक अक्षरांची ती चौकट. मी कितीतरी वेळा लिहिलं आणि खोडलं. ओटीला हिंदीत काय म्हणायचं? दादा म्हणाला, शगुन लिहा. मी लिहिलं, हे शगुनचे दाणे आहेत, आमच्या घरातल्या मोठ्या बाईनं प्रेमानं ठेवले, वाईट हेतू नव्हता, माफ करा, पैसे परत देतो. सून बरी आहे का, तेही लिहिलं. तेवढ्यात अक्षरं संपली. 'माफ करा' ठेवायचं की सुनेची चौकशी, असा प्रश्न आला. दादा म्हणाला, माफी ठेवा, नाही तर खात्यावर बात येईल. मी चौकशी ठेवली आणि 'वाईट हेतू नव्हता' काढलं. दादानं ते तसंच पाठवू दिलं. तो माणूस तसा चांगलाच.

निकाल आला. पैसे गिऱ्हाइकाला परत. खात्यावर लाल पट्टी, मालात बाहेरचे पदार्थ आढळले, पुन्हा आढळल्यास विक्री बंद. माझ्या प्रश्नाचं उत्तर कुणी दिलं नाही. निकाल लागला की तक्रार बंद होते, आणि बंद झाली की निरोपाची चौकटही मिटते. गिऱ्हाइकाचं नावसुद्धा दिसत नाही. आपण ज्याच्याशी भांडलो ते माणूस पुसून जातं.

दादानं आईला काही सांगायची वेळच आली नाही. गव्हाची वाटी तिनं स्वतःच उचलून नेली. घड्या घालायलाही यायची बंद झाली. मी म्हणायची, "मावशी, माझी पुरी होते, या ना." ती म्हणायची, "दादाले सांग, मशीन घ्या एखादी." ओसरीवर भिंतीला टेकून बसायची, हात मांडीवर उपडे. तिचे हात असे रिकामे मी कधी पाहिले नव्हते.

फक्त सकाळचा प्रश्न राहिला, पण तो बदलला. "त्या पोरीचं काही आलं का?"

"तक्रार बंद झाली मावशी. आता येत नाही."

"बरं."

दुसऱ्या दिवशी पुन्हा. कुणीतरी तिला समजावलं असतं तर तिला समजलं असतं, ती भोळी नव्हती. पण तिला समजून घ्यायचं नव्हतं, तिला उत्तर हवं होतं. एका सकाळी मी म्हणून टाकलं, "आलं मावशी. बरी आहे म्हणे ती. मुलगी झाली."

ती झटकन उठून टेबलाशी आली. "वाच."

मी फोन उचलला. कुठलीशी जुनी ऑर्डर उघडली आणि तोंडानं वाक्य जुळवायला लागले. दोन शब्द झाले असतील. मावशीनं माझ्या डोक्यावरून हात फिरवला. "वाचतानी तुहा आवाज असा नसते," ती म्हणाली आणि परत ओसरीवर जाऊन बसली. पुढं तिनं विचारलं नाही.

थंडी सुरू झाली तेव्हा मला पुन्हा दिवस गेले. या वेळी तिसरा महिना पार पडला, चौथा, पाचवा. मावशी मला जड उचलू द्यायची नाही, पालेभाजी निवडून द्यायची, रात्री यांना यायला उशीर झाला तर दार वाजवून विचारून जायची. पण मला हात लावायची नाही, हे माझ्या हळूहळू लक्षात आलं. पूर्वी केस विंचरून द्यायची, आता कंगवा द्यायची. ताट हातात न देता खाली ठेवायची.

सातव्या महिन्यात गल्लीतल्या बायकांनी माझी ओटी भरायचं ठरवलं. मी परकी, माझं इथं कुणी नाही, म्हणून त्यांनीच सगळं केलं, हिरव्या बांगड्या आणल्या, पाटाभोवती रांगोळी काढली. त्यांचे उपकार मी विसरणार नाही. आदल्या दिवशी मी मावशीकडं गेले. स्वयंपाकघरात गहू निवडत होती.

"मावशी, उद्या पहिली ओटी तुम्ही भरायची."

तिनं सुपातून मान वर केली नाही. "नाई पोरी."

"बायका काही म्हणणार नाहीत. मी विचारलंय त्यांना."

"बायकायचं नाई म्हणत मी."

"मग? तुम्हीच म्हणाला होतात, हात दिसत नाही. मला तर तुमचा हात दिसायला हवाय."

तिनं सूप बाजूला ठेवलं. जमिनीवरचे खडे एका बाजूला केले. मग म्हणाली, "तू आली ना इथी, पहिल्या दिवशी, दारात. तुह्या पदरात गहू कोणी टाकले होते?"

मला आधी कळलं नाही ती काय म्हणतेय ते.

"मग त्या वर्षी तुहं काय झालं?" ती म्हणाली.

"मावशी, त्याचा काय संबंध? डॉक्टर म्हणाले होते, पहिलटकरणींचं होतं असं."

"हाव. मीही तेच म्हणत होती मनाले. टोटका म्हणे ती बाई. मले हसू आलं असतं पोरी, पण तिच्या घरी सून होती." तिचा आवाज चढला नव्हता. एखाद्या परताव्याचं कारण वाचावं तशी ती सांगत होती. "ती पोरगी बरी आहे असं कोणी एक बार सांगितलं असतं तं मी उद्या आली असती. समजलं नाई ना काही."

मी तिचे हात धरायला गेले. तिनं ते पदराखाली घेतले.

दुसऱ्या दिवशी ओटीभरण झालं. बायकांनी गाणी म्हटली, माझी थट्टा केली, "पेढा उचल का बर्फी, पाहू काय निघते." मी पाटावर बसून स्वयंपाकघराच्या दाराकडं बघत होते. आतून भांड्यांचा आवाज येत होता. जेवणं झाली तरी ती बाहेर आली नाही, आतूनच सगळ्यांची ताटं वाढत राहिली.

मग मी बाळंतपणाला माहेरी निघाले. हे मला पोचवायला येणार होते. रिक्षा दाराशी आली तेव्हा मावशी पाकीट घेऊन आली. आमच्याच दुकानाचं पाकीट, चारी बाजूंनी चिकटपट्टी लावलेलं, वर पत्त्याची पट्टी तेवढी नाही. किती महिन्यांनी तिनं पाकीट भरलं होतं. एक काठ उंच नाही, एक कोपरा वाकडा नाही.

"घरी जाऊन उघड," ती म्हणाली. "तुह्या आईसमोर."

मी वाकून नमस्कार केला. तिनं दोन पावलं मागं होऊन हात जोडले.

गाडीत मी ते पाकीट मांडीवर घेऊन बसले होते. हे म्हणाले, बॅगेत टाक की. मी टाकलं नाही. अंगठ्यानं वरून चाचपत होते. प्लॅस्टिकखाली एका जागी काही तरी बारीक, कडक लागायचं. हरवायचं आणि पुन्हा लागायचं. मनमाड गेलं, दौंड गेलं, मी तेच चाचपत होते आणि मनात म्हणत होते, पाकिटात हात कुठं दिसतो. बंद पाकिटात ती गहू घालेल. बंद पाकिटात घालायला तिला काय हरकत होती.

घरी पोचल्यावर आईनं भाकरतुकडा ओवाळून टाकला, पाय धुवायला पाणी दिलं. मी तशीच खाली बसले आणि कात्रीनं चिकटपट्टी कापली. हिरवं पातळ, लाल काठाचं, आमच्याकडच्या सगळ्यात चांगल्या मालातलं. मी पहिली घडी उलगडली. दुसरी. आतली. पदर मोकळा केला. काठाला पिकोच्या दोऱ्याची एक गाठ होती, कडक. तीच लागत होती बोटाला. मी पातळ उभं धरून झटकलं, मग जमिनीवर हात फिरवून पाहिलं, मग पाकीट उलटं करून झटकलं.

"काय शोधालीस गं?" आई म्हणाली. "चिठ्ठी हाय का आत?"

"नाही. काही नाही."

"चांगलं हाय की पातळ. देवमाणूस असंल बाई ती." तिनं काठ बोटात धरून पाहिला. "घडी घालून ठेव, मळंल. बारशाला नेस."

मी घडी घालायला बसले. मावशीनं घातलेल्या मोडी कापडावर तशाच होत्या, त्यांच्यावरूनच हात नेत होते, तरी फुगत होती. दोनदा मोडली, पुन्हा घातली. पातळ त्या पाकिटात परत काही मावेना.